डबल बेल

सातारा स्टँडजवळच्या एका चहाच्या गाड्यावर आम्ही पाच-सात निवृत्त एस.टी.वाले संध्याकाळी जमतो. ठरवून नाही, पाच वाजले की पाय तिकडंच वळतात. २०२३ च्या जुलैमधली गोष्ट. पावसाची रिपरिप चाललेली, गाड्यावरच्या प्लास्टिकच्या कागदावर टपटप आवाज, पलीकडं गाड्यांचे रिव्हर्स हॉर्न. माझ्या बरोबरीनं नोकरीला लागलेला एक ड्रायव्हर मित्र उशिरा आला, बाकड्यावर टेकला आणि खाली बघत काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं, "मुंबईला भाऊ गेला."

मी म्हणालो, "बरं झालं की. परत कधी येणार?"

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं माझं ऐकू गेलं नाही, म्हणून वर आणखी जोडलं, "राहू दे चार दिवस पोरांकडं. हवापालट होईल." मग शेजारच्या कंडक्टरनं माझ्या मांडीवर हात ठेवला, तोंड कानाजवळ आणलं आणि म्हणाला, "मुंबईला न्हवं रं. मुंबईचा. मुंबईचा भाऊ गेला त्येचा. काल रात्री."

मित्र उठून निघून गेला होता. त्या दिवसापासून मी गाड्यावर जाणं सोडलं. घरी सांगितलं, गुडघा दुखतो.

मी ३१ वर्षं एस.टी. चालवली. १९८३ ला लागलो, २०१४ ला अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर उतरलो. महाबळेश्वर, कोरेगाव, स्वारगेट, बामणोलीच्या बाजूच्या मुक्कामी गाड्या, सगळं केलं. जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताशीच असायचं. वर बॉनेट, त्यावर कुणीतरी टाकलेली रेक्झीनची गादी, आणि जागा नसली की त्या गादीवर एखादा प्रवासीही. डाव्या कानाशी इंजिन, उजव्या कानाशी उघडी खिडकी आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे हॉर्न. पण एवढ्या कालव्यातही मागं कंडक्टरनं दोरी ओढली आणि घंटी वाजली की मला ऐकू जायची. एक टोला, थांब. दोन टोले, चल. ३१ वर्षांत एक डबल बेल चुकल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं आपले कान तिखट आहेत हा माझा पक्का समज. ऐकू येत नाही ते इतरांना, मला कसं येणार नाही?

मला खरोखर असं वाटायचं की बायको हल्ली पुटपुटते. मालिकेतली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. सून दुसऱ्या खोलीत जाता जाता वाक्य संपवते. मोबाइल कंपनीनं रेंज कमी केलीय. सगळं जग हळू बोलायला लागलंय आणि त्याबद्दल कुणी काही करत नाही, असा माझा राग होता.

घरात काय बदललं हे तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. बहिऱ्या माणसाशी लोक बोलणं बंद करत नाहीत. फालतू बोलणं बंद करतात. पूर्वी बायको भाजी निवडता निवडता बोलत राहायची: समोरच्यांनी जास्वंदीची कुंडी हलवली, मोती चौकात अमुक दुकान बंद झालं, बहिणीच्या सुनेला तिखट चालत नाही. त्यातल्या एकाही गोष्टीचा मला उपयोग नव्हता. पण अशी वाक्यं कुणी ओरडून, दोनदा सांगत नाही. "समोरच्यांनी कुंडी हलवली!" हे किंचाळून सांगायची गोष्ट आहे का? मग उरतं ते कामाचं. जेवायला चला. गोळी घेतली का. लाईटबिल भरलं का. दिवसाला तीन वाक्यं, तीही चढ्या आवाजात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं सारखं रागावूनच बोलतायत. मी विचारायचो, "आत्ता काय म्हणालीस?" ती म्हणायची, "काही नाही, जाऊ द्या."

मी सकाळी अजिंक्यतारा चढतो, निवृत्तीपासूनचा नेम आहे. पूर्वी चौघं मिळून जायचो, नंतर मी वेळ बदलून एकटाच जायला लागलो. वर मंगळाई देवीच्या देवळापाशी बसायचं, खाली शहर बघायचं, उतरायचं. कुणाशी बोलणं नाही. बायकोनं आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं म्हणे, "आता लई शांत झालेत. पहिल्यासारखं तापत न्हाईत." मलाही ते पटलं होतं. वय झालं, वादातनं मन निघालं, यालाच वानप्रस्थ म्हणत असतील अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. रात्री झोप लागायची नाही, ती गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, शेजाऱ्यांनी आग्रहानं एका कार्यक्रमाला नेलं. विषय होता आनंदी वार्धक्य. वक्ते चांगले असावेत, कारण लोक माना डोलवत होते. हॉलमध्ये पंखे, माईक घुमणारा. मला तासाभरात "आनंद", "आतून" आणि "मित्रांनो" एवढंच कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की मीही वाजवायचो, एकदा चुकून एकटाच वाजवली. शेवटी हात वर करून हसण्याचा व्यायाम झाला. हास्य क्लबावर माझा राग नाही, तिथं एक सोय आहे, हसण्यासाठी आधीचा विनोद ऐकू यावा लागत नाही.

डिसेंबरात मात्र जे झालं त्यानं मी हललो.

मुलगा-सून कामावर, बायको मंडईत, घरात मी आणि सहा वर्षांची नात. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती बाथरूममध्ये गेली आणि आतली कडी अडकली. मी पेपर वाचतोय. वीसेक मिनिटांनी खिशातला फोन थरथरला म्हणून काढला, तर शेजारच्या वहिनींचे चार मिस्डकॉल. दार उघडलं तर त्या दारातच उभ्या. बेल वाजवून वाजवून थकल्या होत्या. पोरीचा आवाज त्यांना त्यांच्या स्वयंपाकघरात गेला होता, मला दहा फुटांवर नाही.

कडी पिळून-वाकवून काढली. पोर रडत नव्हती. मी तिला म्हणालो, "बाळा, मला हाक मारायचीस की." ती सहज म्हणाली, "तुम्हाला कशाला मारू आबा? खिडकीतनं काकूंना मारली."

तिनं मला हाक मारलीच नव्हती. घरात माणूस आहे हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडं गेलो. (त्याआधी आठ दिवस लसूण घालून कोमट तेल कानात सोडून झालं होतं. कुणी सोडू नका. डॉक्टर बोलले ते बोलले.) त्यांनी आधी मळ काढला. तो बघून मला वाटलं, झालं काम. थोडा फरक पडलाही. पण त्यांनी कंप पावणारा काटा कानापाशी आणि कानामागच्या हाडावर धरून बघितला आणि तपासणीची चिठ्ठी दिली.

तपासणी म्हणजे फोनच्या बूथसारखी एक बंद खोली. आत इतकी शांतता की स्वतःचा श्वास मोठा वाटावा. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. जाड घुमणारे आवाज आले, मी दाबत गेलो. मग बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडं तपासणाऱ्या मॅडम मात्र गंभीरपणे बटणं फिरवत होत्या. तेव्हा कळलं की आवाज चालू आहेत.

कागद हातात दिला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेषा डावीकडं बऱ्यापैकी वर आणि उजवीकडं धाडकन खाली. मी म्हणालो, "हा तर पसरणीचा घाट झाला." त्या हसल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. म्हणाल्या, "काका, तुम्हाला आवाज येतो. शब्द येत नाही."

मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. अ, आ, ओ हे जाड आवाज, बोलण्याचा जोर त्यांच्यात असतो. च, स, श, फ, ख हे बारीक, उंच आवाज. शब्दाचा अर्थ बराचसा त्यांच्यावर ठरतो. वय झालं की आधी हे बारीक जातात. म्हणून माणूस म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. आणि म्हणून ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडलं की आ-ओ मोठे होतात, च आणि स जिथल्या तिथं. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं तर जास्त कळतं. माझ्या बाबतीत वय होतंच, पण ४००० हर्ट्झच्या आसपास जो खोल खड्डा होता तो गोंगाटाचा. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला की आतल्या बारीक केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. इंजिन डावीकडं होतं. डावा कान जास्त गेलेला होता.

मी त्यांना "मुंबईचा" आणि "मुंबईला" सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अगदी हेच."

एवढ्यावर मी शहाणा झालो असं नाही. यंत्राची किंमत ऐकली, दोन्ही कानांची मिळून ५२ हजार, आणि घरी आलो. माझी ईपीएस-९५ ची पेन्शन तीन हजारांच्या आत आहे; ज्यांना ती मिळते त्यांना जास्त सांगायला नको. नातेवाइकाच्या पोरानं ऑनलाइन बाराशेचं यंत्र मागवून दिलं. ते नुसता आवाज वाढवणारं डबडं होतं. बायकोचं बोलणं तेवढंच राहिलं आणि ताटावर पडलेला चमचा तोफेसारखा. दोन दिवसांत ड्रॉवरमध्ये गेलं. बाराशे गेले ते गेलेच, वर "यंत्राचा काही उपयोग नसतो" असं म्हणायला मला कारण मिळालं आणि आणखी महिना गेला. कितीतरी म्हातारी माणसं इथंच थांबत असतील.

शेवटी बायकोनं भिशीचे वीस हजार समोर ठेवले. म्हणाली, "मलाच घ्यायचंय ते. तुमच्यासाठी नाही. माझा घसा बसलाय." उरलेले मुलाचे आणि माझे अर्धे अर्धे.

फेब्रुवारीत यंत्रं बसली. कानामागं बसणारी, राखाडी, वालाएवढी. खरं यंत्र आणि डबडं यांतला फरक हा, की माझा तो घाटाचा आलेख कॉम्प्युटरवर घेऊन त्याप्रमाणं ते जुळवतात. जिथं कान चांगला तिथं कमी, जिथं खड्डा तिथं भर. बॅटरी डाळीपेक्षा थोडी मोठी, पाठीवर नारिंगी कागद. तो कागद सोलला की तिच्यात हवा शिरते आणि मग ती चालू होते; सोलून मिनिटभर थांबायचं आणि मग घालायची. स्टिअरिंग धरून राठ झालेल्या बोटांना यंत्राचं बारीक दार उघडायचं, बॅटरी पालथी न पडता बसवायची आणि बारीक नळी कानात सरकवायची, याला पहिल्या दिवशी माझी पंचवीस मिनिटं गेली. बायको शेजारी उभी. मदत करायची नाही असं तिला मॅडमनी बजावलं होतं, त्यामुळं ती हात पाठीमागं बांधून उभी होती.

पहिले पंधरा दिवस आनंदाचे होते असं मी म्हणणार नाही. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. प्लास्टिकची पिशवी म्हणजे फटाक्यांची माळ. पेपरचं पान उलटलं की दचकायचो. खाताना स्वतःच्या दातांचा आवाज इतका, की भाकरी-पापड नको वाटायचं. मॅडम म्हणाल्या होत्या, कान ऐकत नसतो, मेंदू ऐकतो, आणि तुमचा मेंदू हे आवाज विसरलाय. त्याला सावकाश आठवू द्या. आधी घरात शांततेत एक-दोन तास, मग हळूहळू वाढवत दिवसभर. नव्या गाडीचं इंजिन रुळेपर्यंत दामटत नाहीत, तसंच. घरच्या अभ्यासाला बायको स्वयंपाकघरातनं पेपरातली निधनवार्ता वाचायची आणि मी बाहेरच्या खोलीतनं नाव-गाव ओळखायचं. (बातमी तिनंच निवडली. म्हणाली, नाव चुकलं तर चालणार नाही हे तुम्हाला आता माहितेय.)

पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी मी खोलीत बसलो होतो आणि आतनं बारीक तडतड ऐकू आली. पाऊस म्हणावा तर फेब्रुवारी. उठून गेलो. कढईत मोहरी तडतडत होती. फोडणीला आवाज असतो हे मी विसरून गेलो होतो. बायको मागं वळून म्हणाली, "काय हवंय?" मी म्हणालो, काही नाही. हिंग, कढीपत्ता, मग कांदा पडला की आवाज कसा बसत जातो ते ऐकत उभा राहिलो. तिनं दोनदा "व्हा बाजूला" म्हटलं, ते दोन्ही वेळा ऐकू आलं.

नातीला शोध लागला की मला मिठी मारली की यंत्र शिट्टी मारतं. आवाज यंत्रातनं निघून परत यंत्रातच शिरला की असं होतं. मॅडमना विचारलं तर त्या कमी करून देतो म्हणाल्या. मी राहू द्या म्हणालो. ती दिवसातनं चार वेळा येऊन शिट्टी वाजवून जाते आणि जाता जाता शाळेतलं काहीबाही सांगते, त्यातलं निम्मं खोटं असतं.

भांडणंही परत सुरू झाली. बायको काय पुटपुटते ते आता कळतं, आणि ती खरंच पुटपुटत होती! मेहुणीला नवीन बातमी गेलीय की, "परत पहिल्यासारखे झाले."

सगळं नीट झालं असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये आजही माझा गोंधळ उडतो. यंत्र माणूस आणि बँड यांत फरक करतं पण फार नाही. अजिंक्यताऱ्यावर वारा सुटला की कानात नुसती घरघर, तिथं मी यंत्रं काढून स्टीलच्या डबीत ठेवतो. साताऱ्याचा पावसाळा यंत्राला मानवत नाही. रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या बरणीत ठेवावी लागतात. एकदा घाम पुसताना एक यंत्र रुमालाबरोबर गवतात उडालं, गडाच्या वाटेवर आम्ही तिघं अर्धा तास रांगत होतो. खर्च थांबत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा फॉर्म भरला, ६५ च्या वरच्यांना वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर साधनांसाठी तीन हजार मिळतात, ते खात्यात आले आणि बॅटऱ्यांत गेले. आणि गेलेले कान गेलेच. मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आटोक्यात आणता येण्यासारखी १४ कारणं मांडली आहेत आणि कमी ऐकू येणं त्यांतलं एक आहे, म्हणून 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. साठीच्या पुढं चारांतल्या एकाला तरी त्रास होण्याइतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या चहाच्या गाड्यावर प्रमाण नक्की जास्त असणार.

गाड्यावर मी मार्चमध्ये परत गेलो. कुणी यंत्राचा विषय काढला नाही, कंडक्टरनं फक्त "दिसतंय बरं का" म्हटलं आणि चहा सांगितला. पण तो मित्र नव्हता. भाऊ गेल्यापासून तो गावीच असतो म्हणाले, मेढ्याच्या रस्त्याला.

मे महिन्यात हाफ तिकीट काढून गेलो. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसलो. स्टँडातनं गाडी निघताना टण टण झालं आणि माझा डावा पाय आपोआप खाली गेला. क्लच दाबायला. शेजारच्या बाईंनी बघितलं.

त्याचं घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडापासून टीव्हीचा आवाज येत होता. तो ओट्यावर आला, मी वाटेत जुळवलेलं सगळं बोललो. मला ऐकू येत नव्हतं, मी 'मुंबईला' ऐकलं, तुझ्या भावाबद्दल असं बोलायला नको होतं, त्या दिवसापासनं तोंड दाखवायची लाज वाटत होती. तो माझ्याकडं बघत राहिला.

"काय?" तो म्हणाला.

मी जवळ सरकून, तोंड समोर धरून, सावकाश परत सांगितलं.

"तू काय बोलला व्हतास ते मला कुठं ऐकू आलं?" तो म्हणाला. "ताडपत्रीचा आवाज केवढा व्हता. मला वाटलं, माझ्याकडनं तुझं दोन हजार यायचं हाईत म्हणून तू तोंड चुकवतोयस."

दोन हजारांचं माझ्या डोक्यातही नव्हतं. त्याच्या बायकोनं आतनं हाक मारली, चहात साखर किती घालू म्हणून. त्यानं मान वळवली नाही. तिनं दुसऱ्यांदा मारली नाही, बाहेर येऊन त्याच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली, मग एक. त्यानं एक दाखवलं. ती आत गेली.

मी माझं यंत्र काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं उलटसुलट बघितलं, किंमत विचारली, परत दिलं. "मला काय न्हाय झालं," तो म्हणाला. "मला सगळं येतंय ऐकायला."

बूथमधली तपासणी यंत्राइतकी महाग नसते, आणि ती करायला काही बिघडत नाही, एवढं मी त्याला तीनदा सांगितलंय. येत्या मंगळवारी तो साताऱ्याला येणार आहे. दोन हजार द्यायला, असं त्याचं म्हणणं आहे.